मागचा टायर आतूनच का झिजतो?

रमजान ईद असो, बकरी ईद असो की मे महिन्यातली लग्नं, गावी जायचं ठरलं की घरातली जुनी मोठी गाडी दाराशी लागते. दादी मधल्या सीटवर, मुलं सगळ्यात मागे आणि टपावर बॅगा. निघण्याआधी हवा, पाणी, ऑइल पाहिलं जातं. मागचे टायर मात्र कुणी वाकून पाहत नाही. या महिन्यात आम्ही त्यांच्याविषयीच बोलणार आहोत.

अनेक जुन्या गाड्यांत मागचा टायर बाहेरून चांगला दिसतो आणि आतली कड मात्र गुळगुळीत झालेली असते. आपल्याला दिसते ती बाहेरची बाजू, म्हणून पत्ता लागत नाही. यावर सोपा उपाय आहे. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि मोबाइल चाकाच्या आतल्या बाजूला नेऊन फोटो काढा. घरातली शाळकरी मुलंही हे काम करतील. टायरच्या खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीच्या छोट्या पट्ट्या असतात. रबर झिजून त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आलं, की टायरचं आयुष्य संपलं. आतल्या कडेला तारा किंवा कापड दिसत असेल तर हात लावू नका आणि ती गाडी रस्त्यावर काढू नका. असा टायर भरल्या गाडीत, उन्हाने तापलेल्या रस्त्यावर कधीही फुटू शकतो.

इथे बहुतेक जण नवा टायर घालून मोकळे होतात. काही महिन्यांनी तोही आतून झिजतो आणि दोष टायरच्या कंपनीला दिला जातो. खरं कारण चाकाच्या दिशेत असतं. चाक गाडीच्या सरळ रेषेत न राहता किंचित तिरकं झालं, की ते फिरता फिरता बाजूलाही घासतं. हिशेब करून पाहा. सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा ३ मिलिमीटर बाहेर असेल, तर दर किलोमीटरला ते चाक साधारण ४ मीटर आडवं घासलं जातं. ४०० किलोमीटरच्या प्रवासात हे आडवं घासणं दीड किलोमीटरच्या पुढे जातं. चाकाच्या या तिरकेपणाला गॅरेजवाले ‘टो’ म्हणतात. चाक वरून आत किंवा बाहेर कललं असेल तर त्याला ‘कॅम्बर’ म्हणतात.

आता आपली गाडी कोणत्या जातीची, ते ओळखायला हवं. बोलेरोला मागे पाटे आहेत. १९९८ साली आलेली सफारी आणि २००२ साली आलेली स्कॉर्पिओ यांना मागे गोल स्प्रिंग आहेत. पण तिन्हींची मागची दोन्ही चाकं एकाच जाड, अखंड अॅक्सलवर बसतात. अशा गाडीत मागच्या चाकांची अलाइनमेंट फिरवायला बोल्टच नसतो. म्हणून मशीनवर मागचं माप चुकलेलं दिसलं, तर काहीतरी ढिलं झालंय, तुटलंय किंवा वाकलंय असंच समजावं. पाट्यांच्या गाडीत यू-बोल्ट सैल होतात, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो आणि अॅक्सल एका बाजूने सरकतो. गोल स्प्रिंगच्या गाडीत अॅक्सलला धरणाऱ्या लिंक रॉडचे रबरी बुश फाटतात. मग गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं.

दुसऱ्या जातीत मागचं प्रत्येक चाक स्वतंत्र असतं. २०११ साली आलेली एक्सयूव्ही ५०० आणि होंडाची सीआर-व्ही या अशा गाड्या. यांत बहुधा टो बसवायला तिरकस चकतीचा बोल्ट असतो. कॅम्बर बसवायची सोय मात्र अनेकदा नसते. स्प्रिंग बसल्या किंवा बुश गेले, की चाकं वरून आत कलतात आणि आतली कड झिजते. कोकणपट्टीत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे हा बोल्ट बुशच्या नळीत गंजून घट्ट बसतो. काही ठिकाणी तो गॅसने तापवून सोडवतात. त्या उष्णतेत बुशचं रबर जळतं. बोल्टबरोबर बुशही बदलायची तयारी असेल, तरच तसं करू द्या.

म्हणून आमचा सल्ला एवढाच आहे: आधी झीज दुरुस्त करा, मग अलाइनमेंट करा. ढिल्या बुशवर केलेली अलाइनमेंट गॅरेजच्या फाटकापर्यंतच टिकते. मिस्त्रीला गाडी वर घ्यायला सांगा आणि प्रत्येक बुशजवळ पहारीने हलवून दाखवायला सांगा. रबर फाटलेलं असेल तर ते तुम्हालाही दिसेल. व्हील बेअरिंगला खेळ आहे का आणि शॉकअप तेलाने ओले झालेत का, हेही पाहा. शॉकअप बदलायचे तर जोडीनेच बदला. बुशची किंमत टायरपुढे किरकोळ असते; खर्च मजुरीचा आणि प्रेसवर बसवण्याचा असतो.

नवे बुश बसवताना एक गोष्ट हमखास चुकते. गाडी वर टांगलेली असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी हाताने लावावेत, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचं आवळावं. हे मिस्त्रीला अदबीने आठवण करून द्या. पाट्यांचे यू-बोल्ट काही दिवस गाडी चालवल्यावर पुन्हा आवळून घ्या.

त्यानंतर चारही चाकांची अलाइनमेंट करायची. आधी चारही टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरावी, मागचं माप आधी बसवावं आणि पुढचं त्यानंतर. मागची चाकं गाडीला जी दिशा देतात तिच्याशी पुढची जुळवायची असतात. फक्त पुढच्या दोन चाकांची अलाइनमेंट केली तर मागचा दोष तसाच राहतो. आधीच्या आणि नंतरच्या मापांचा छापील कागद मागून घ्या आणि गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. पुढच्या वेळी तोच कागद उपयोगी पडतो.

एका वेळी दोनच टायर घेण्याइतका पैसा असेल, तर नवी जोडी मागे लावा. पुढची चाकं पावसात घसरली तर स्टेअरिंगला लगेच कळतं. मागची घसरली तर गाडी फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर चारही टायरची झीज सारखी लागते, तिथे टायरवाल्याला विचारूनच ठरवा.

जुनी गाडी विकत घेताना हीच तपासणी करा. आतली कड झिजलेली दिसली तर भाव करण्याआधी बुशचा खर्च विचारून घ्या. आणि आपली गाडी विकत असाल तर घेणाऱ्याला ही झीज स्वतःहून दाखवा. त्याच्याही गाडीत मुलंबाळं बसणार आहेत.

गावी निघण्याच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. सुट्ट्यांच्या गर्दीत मिस्त्री घाईत असतो आणि बुश मिळायलाही दिवस लागतात. निघण्याआधी पंधरा दिवस मोबाइलचा कॅमेरा चाकाच्या आतल्या बाजूला न्या. फोटोत आतली आणि बाहेरची कड सारखी दिसली तर चिंता नाही. नसेल सारखी, तर पंधरा दिवस पुरेसे आहेत.