शेतकऱ्याच्या खिशातील मिटता चाकू

चाकण, तळेगाव व पिंपरी-चिंचवड या पट्ट्यातील शेतकरी फवारणी पंप किंवा ठिबक संच घ्यावयाचा झाला तर चार दुकाने हिंडतो, शेजाऱ्याचा अनुभव विचारतो आणि मगच पैसे मोजतो. दिवसातून अनेक वेळा हाती येणारा चाकू मात्र आठवड्याच्या बाजारातील पथारीवरून, पात्याची चकाकी पाहून, विशेष चौकशी न करता उचलला जातो. अवजार लहान, किंमत थोडी, म्हणून निवडही कशीही केली तरी चालेल, अशी समजूत यामागे आहे. ती चुकीची आहे.

या भागात तर ती अधिकच महाग पडते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि पुढे कारखानदारी भोसरीवरून चाकणपर्यंत पोहोचली. आज येथील कित्येक कुटुंबे शेत व कंपनी या दोन्हींवर उभी आहेत. पहाटे कांद्याला पाणी द्यावे, दुपारच्या पाळीस यंत्रावर उभे राहावे, सुट्टीच्या दिवशी गोण्या भराव्यात, असा त्यांचा क्रम असतो. अशा माणसाच्या तर्जनीची शीर चाकूने तुटली तर शेतातील काम थांबते आणि कंपनीतील हजेरीही बुडते. तो कंत्राटी कामगार असेल तर हजेरीबरोबर जागाही जाण्याची भीती असते. दोनशे रुपयांच्या वस्तूची निवड या हिशेबाने करावयास हवी.

हाताला इजा पात्याच्या धारेने होते असे आपण म्हणतो. पण मिटत्या चाकूच्या बाबतीत पुष्कळदा खरे कारण धार नसून सांधा असतो. साध्या मिटत्या चाकूचे पाते केवळ स्प्रिंगच्या ताणाने उघडे राहते. सुतळी कापताना, ठिबकच्या नळीला भोक पाडताना किंवा गोणीच्या शिवणीत टोक खुपसताना पात्याच्या पाठीवर उलटा दाब आला, की पाते एकदम मिटते आणि मुठीभोवती वळलेली बोटे त्याच्या वाटेत सापडतात. पाते बोथट असेल तर माणूस जास्त जोर लावतो आणि धोका आणखी वाढतो.

यावर जुना व खात्रीचा उपाय म्हणजे पाठीवर खटका असलेला मिटता चाकू. दुकानदार त्याला बहुधा 'लॉकचा चाकू' म्हणतात. याच्या मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते व ती तराजूच्या दांडीप्रमाणे मधल्या खिळीवर तोललेली असते. पाते पूर्ण उघडताच पट्टीचे पुढचे टोक पात्याच्या बुडाशी कोरलेल्या खाचेत उतरते आणि मागच्या टोकाखालील स्प्रिंग त्यास तेथेच दाबून धरते. पाते मिटावयाचे असेल तेव्हा मुठीच्या पाठीवरील पट्टीचा उघडा भाग अंगठ्याने दाबावा लागतो. या रचनेत नाजूक असे फारसे काही नाही, आणि तेच तिचे बळ आहे.

तथापि खटका आहे एवढ्यावर समाधान मानू नये. हलक्या मालात खाच उथळ असते किंवा पट्टी मऊ लोखंडाची असते, आणि असा खटका नसलेल्या खटक्याहूनही वाईट, कारण माणूस त्याच्यावर विसंबतो. दुकानातच पाते सावकाश उघडून पाहावे. शेवटी 'खट्' असा स्पष्ट आवाज यावा आणि पट्टीची पाठ मुठीच्या पाठीशी सपाट बसावी. ती वर उचललेली राहिली तर टोक खाचेत पुरते गेलेले नाही असे समजावे. मग पाते चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवावे. तेथे खेळ जाणवला तर चाकू परत ठेवावा. वर-खाली अगदी किंचित हालचाल चालण्यासारखी असते. शेवटी मूठ केवळ तळहाताने व दोन बाजूंनी धरून, बोटे पात्याच्या वाटेतून पूर्णपणे दूर ठेवून, पात्याची पाठ दुकानाच्या लाकडी फळीवर बेताने दाबावी. ही परीक्षा दहा-बारा वेळा करावी. एकदाही खटका सुटला तर तो चाकू कोणत्याही किमतीस घेऊ नये. दुकानदार या परीक्षेस हरकत घेईल, तर दुसरे दुकान गाठावे.

पात्याची लांबी तीन इंचांच्या आसपास पुरते. अमेरिकेतील बक कंपनीचा १९६० च्या दशकात प्रसिद्धीस आलेला पाठखटक्याचा चाकू शिकाऱ्यांसाठी बनविला होता. त्याचे पातेदेखील चार इंचांहून कमीच आहे. हरणाचे कातडे सोलण्यास जे पुरते ते कांद्याच्या गोणीस का पुरू नये? फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतातील ओपिनेल हा १८९० पासूनचा शेतकऱ्यांचा साधा चाकू. लाकडी मूठ आणि कार्बन पोलादाचे पाते एवढाच त्याचा संसार. त्यालाही १९५५ साली पाते अडविणारे फिरते कडे बसवावे लागले. खटका म्हणजे चैन नव्हे, याची ही साक्ष आहे.

बटण दाबताच फटकन उघडणारा चाकू शेतकऱ्याने घेऊच नये, असे स्पष्ट मत येथे नोंदविणे आवश्यक वाटते. शेतातील कोणतेही काम असे नाही की ज्यासाठी पाते दोन हातांनी सावकाश उघडण्यास वेळ नसतो. त्या चाकूची स्प्रिंग धूळ व चिकामुळे लवकर निकामी होते, हा वेगळाच तोटा. शिवाय रामपूरच्या कारागिरांच्या चाकूचे नाव हिंदी चित्रपटांनी जसे गुंडगिरीशी जोडून टाकले, तसाच संशय असा चाकू बाळगणाऱ्यावर येतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनविलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत हे खरे. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये जमावबंदीच्या काळात चाकू बाळगण्यास मनाई करता येते, आणि २०१८ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत चाकणही येते. सबब चाकू शेताच्या पिशवीत, इतर अवजारांसोबत ठेवावा. कंपनीच्या फाटकावर किंवा जत्रेच्या गर्दीत तो खिशात असण्याचे कारण नाही.

पोलादाविषयी थोडेसे. काळपट दिसणारे कार्बन पोलादाचे पाते साध्या दगडावर चटकन धार घेते, पण कांद्याच्या रसाने डागते व ओले ठेवल्यास गंजते. स्वस्त स्टेनलेस चकाकते, मात्र ते बहुधा मऊ असते आणि दोन दिवसांत बोथट होते. रोज पुसून तेलाचा हात फिरविण्याची सवय असेल तर पहिले घ्यावे. नसेल तर चांगल्या प्रतीच्या स्टेनलेससाठी चार पैसे जास्त मोजावेत. कारखान्यातील मोडक्या करवतीच्या पात्यापासून घरी घडविलेले चाकूही या भागात वापरात आढळतात. त्यांची धार उत्तम टिकते, पण ते पाते कडक व ठिसूळ असल्याने तरफेसारखे वापरल्यास तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

मावळातील गुलाबाच्या पॉलिहाऊसधारकांनी हे ध्यानात घ्यावे, की फुलांची तोडणी सिकेटरचे काम आहे आणि डोळे भरण्यासाठी एका बाजूने धार असलेला स्वतंत्र चाकू लागतो. सुतळी कापलेल्या चाकूने डोळा काढल्यास साल फाटते व डोळा वाया जातो. खोडावर व मुळांवर गाठी आणणारा जिवाणूजन्य रोग पात्यावरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. यासाठी स्पिरिटमध्ये भिजविलेल्या बोळ्याने पाते झाडागणिक पुसावे. ब्लीचिंगच्या द्रावणाने कार्बन पोलाद गंजते, तेव्हा ते वापरल्यास पाते लगेच धुऊन कोरडे करावे.

खर्चाच्या बाबतीत, एक ते दोन दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम चाकूसाठी बाजूस ठेवावी. त्याहून अधिक देण्याची गरज नाही, आणि पितळी नक्षीसाठी तर मुळीच नाही. मजुरांसाठी डझनाने खरेदी करणाऱ्यांनी नमुन्याच्या एका चाकूवर न जाता बाराही चाकूंची वरील परीक्षा करावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा शेतीशाळेत प्रत्यक्ष करून दाखविल्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

चाकू घरी आल्यावर खाचेत माती साचू देऊ नये. मातीमुळे पट्टीचे टोक पुरते उतरत नाही आणि नवा खटकाही फसतो. आठवड्यातून एकदा बारीक काडीने खाच कोरून काढावी व सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. मातीने माखलेल्या पात्याने जखम झालीच तर ती साबण-पाण्याने धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या लशीविषयी विचारावे.

वर्षा-दोन वर्षांनी खटका सैल झाला तर तो चाकू मुलांच्या हाती किंवा मजुराकडे देऊन टाकण्याची रीत दिसते. त्यापेक्षा लोहाराकडून पाते उघड्या स्थितीत रिवेट मारून कायमचे पक्के करून घ्यावे आणि त्याला चामड्याचे म्यान शिवावे. असा न मिटणारा चाकू गोठ्यात दोर कापण्यास पुढे कित्येक वर्षे उपयोगी पडतो.