आगीचा सुपरवायझर नावापुरता नको



कापसाची आग काय असते ते मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र होती. गाठी धुमसत राहिल्या, चारच्या सुमारास जहाज फुटले. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले.

आमच्या गोदामांत स्फोटके नाहीत, पण सूत, कापड आणि मागाखाली साचलेली कापसाची धूळ आहे. आम्ही लाल सिलिंडर टांगतो आणि एखाद्या मुकादमाला कागदावर 'फायर सुपरवायझर' करतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. यंत्रणा चालू असल्याचा दाखला जानेवारी व जुलैत द्यावा लागतो. दाखल्याने कारागिराची जान वाचत नाही.

सुपरवायझरला तालीम हवी. विजेच्या आगीत आधी मेन स्विच बंद, पाणी मारायचे नाही. गाठ वरून विझली तरी फोडून भिजवायची. रोज जिने मोकळे आहेत का पाहणे, सिलिंडरचा दाब तपासणे, कारागिरांचा सराव घेणे आणि आत किती माणसे आहेत याची मोजदाद ठेवणे, हे त्याचे काम.

पण चोरीच्या भीतीने मागच्या दाराला कुलूप लावणारे आम्हीच. "कुलूप काढा, माग थांबवा" असे तो म्हणाला की आम्ही रागावतो. मग त्याची तालीम काय कामाची? कारागीर आमच्याकडे अमानत आहे. गेलेला माल पुन्हा भरता येतो, गेलेला माणूस नाही. म्हणून सुपरवायझरला पगाराबरोबर अधिकारही द्या.