वळवळ म्हणजे खोडी नव्हे

डायपर बदलायला घेतलं की वर्षभराचं मूल क्षणात पालथं होतं, गुडघ्यांवर येतं आणि तसंच उघडं पलंगाच्या कडेकडे निघतं. आई पाय धरते, बाबा ओले रुमाल शोधतात, मूल किंचाळतं. 'फारच हट्टी झालाय' असा निकाल घरात लागतो. हा निकाल चुकीचा आहे. तो बदलला, तर रोज पाच-सहा वेळा होणारी ही झटापट बरीच कमी होऊ शकते.

साधारण ४ ते ६ महिन्यांत बाळ कुशीवर वळायला लागतं, ८ ते १० महिन्यांत बहुतेक मुलं रांगतात आणि वर्षाच्या आसपास धरून उभी राहतात, पावलं टाकतात. नव्याने जमलेली हालचाल मूल दिवसभर गिरवत असतं. त्यात त्याला खेळातून अचानक उचलून, काही न सांगता उताणं पाडलं, तर ते विरोध करणारच. तेवढी समज आणि ताकद आली, ही वाढीचीच खूण आहे.

झटापटीची किंमत मात्र मोजावी लागते. पहिला धोका पडण्याचा. पलंग किंवा टेबलावरून मूल पडायला एक क्षण पुरतो. दुसरी किंमत त्वचेची. लघवी आणि शी एकत्र आली, की त्वचेवरचं नैसर्गिक आम्लतेचं कवच कमजोर होतं आणि शीमधली पाचकद्रव्यं त्वचेला अधिक झोंबतात. त्यात ओलावा आणि घासणं. घाईघाईत जांघेतल्या घड्या पुसायच्या राहतात, त्वचा कोरडी न करताच नवा डायपर चढतो. मग पुरळ येतं, पुढच्या वेळी पुसताना आग होते आणि मूल आणखी निसटू पाहतं. मोठी माणसं आणखी घट्ट धरतात. हे चक्र मोठ्यांनीच तोडायला हवं.

हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टला घर नसलेल्या बालकांसाठी बालगृह सुरू केलं. तिथला आग्रह साधा होता. कपडे बदलताना, अंघोळ घालताना बाळाला पुढे काय होणार ते सांगायचं आणि त्याच्या प्रतिसादासाठी क्षणभर थांबायचं. मूल त्या कामात भागीदार आहे, असं मानायचं. आपल्याकडे हे अगदीच परकं नाही. जमिनीवर बसून, पसरलेल्या पायांवर बाळाला घेऊन मालिश करणारी आजी सतत त्याच्याशी बोलत असते.

तोच धडा इथे लागू होतो. नवा डायपर, ओला रुमाल, मऊ कापड, मलम हे सगळं आधी हाताशी ठेवावं आणि जमिनीवर चटई किंवा दुपटं अंथरावं. 'गाडी घरी ठेव, मग बदलू' असं सांगून थोडं थांबावं. बोलता न येणाऱ्या मुलालाही वर्षाच्या सुमारास साधी वाक्यं कळतात; 'पाय वर' म्हटलं की पुष्कळ मुलं पाय उचलतात. हातात वाटी-चमचा किंवा स्वच्छ डायपरच धरायला द्यावा. फक्त लघवी असेल, तर सोफ्याला धरून उभं असतानाच पँटसारखा डायपर बदलता येतो. शी असेल, तर मात्र आडवं करून नीटच स्वच्छ करावं. मुलींना पुढून मागे पुसावं. पावडर टाळावी, ती श्वासातून आत जाते. त्वचा लाल दिसली, तर झिंक ऑक्साइडचं मलम लावावं.

मोबाइल हातात दिला की मूल गप्प पडतं, हे खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २ वर्षांखालील मुलांना स्क्रीन दाखवू नये. शिवाय पडद्यात गुंतलेलं मूल या कामात भागीदार होत नाही.

'एवढा वेळ कुणाला आहे?' हा प्रश्न रास्त आहे. सकाळी कामावर निघालेल्या आईला, दहा मुलं सांभाळणाऱ्या पाळणाघरातल्या ताईला तो पडणारच. पण सांगण्यात अर्धं मिनिट जातं, झटापटीत पाच. आणि कधी अर्धं मिनिटही नसतं, कधी सगळं करूनही मूल रडतं. त्यात कुणाचा दोष नाही.

एरवी शांत असणारं मूल अचानक डायपर बदलताना कळवळून रडू लागलं, तर त्याला हट्ट म्हणू नये. आधी त्वचा पाहावी. दोन-तीन दिवसांत पुरळ कमी झालं नाही, फोड आले किंवा ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

आज डायपर बदलू न देणारं हेच मूल वर्ष-दीड वर्षात 'शी आली' असं सांगायला शिकणार आहे. आपल्या शरीराबद्दल आपल्याला विचारलं जातं, हा अनुभव त्याला तेव्हा उपयोगी पडेल. त्याची सुरुवात जमिनीवरच्या दुपट्यावर होते.