टीव्ही स्मार्ट आहे, मग चित्रपट का लागत नाही?



१९४० साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'संत ज्ञानेश्वर' हा चित्रपट काढला. दिग्दर्शक होते दामले आणि फत्तेलाल. त्यात ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक हे मूळचे अहमदनगरचे. आणि ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते नेवासेही त्याच जिल्ह्यातले. (२०२४ साली या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले.) तेव्हा नेवासे तालुक्यातील एखाद्या शाळेला हा चित्रपट मुलांना दाखवावासा वाटला, तर नवल नाही. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. त्यामुळे २००१ सालापासून या चित्रपटाची प्रत काढण्यासही कोणाची आडकाठी नाही.

समजा, गुरुजींनी चित्रपट पेनड्राईव्हवर आणला आणि शाळेच्या स्मार्ट टीव्हीला लावला. मुले सतरंजीवर बसली. पडद्यावर चित्रपटाचे नावही दिसले. पण बटण दाबताच सूचना आली, की ही फाईल चालवता येत नाही! कधी असे होते, की चित्र दिसते पण आवाज नाही. कधी पेनड्राईव्ह अजिबात ओळखला जात नाही. मग कोणी म्हणतो टीव्ही बिघडला, कोणी म्हणतो पेनड्राईव्ह खराब आहे. मुले उठून वर्गात जातात आणि टीव्हीवर पुन्हा कापड पडते.

बहुतेक वेळा यांपैकी काहीच बिघडलेले नसते. बिघडलेला असतो तो दोन यंत्रांमधला करार! चित्रपट दिसणे हे यंत्राच्या हुशारीवर अवलंबून नसून सर्वांनी पाळलेल्या समान नियमांवर अवलंबून असते, असे माझे मत आहे. ते मी कशावरून म्हणतो, ते पाहा.

जुन्या काळी चित्रपट ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर असे. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार चार छिद्रे, आणि बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चित्रे, हे माप जगभर रूढ झाले. फितीची रुंदी तर १९०९ साली पॅरिसला भरलेल्या चित्रपट-निर्मात्यांच्या परिषदेतच मान्य झाली होती. म्हणून पुण्यात तयार झालेली फीत नगरच्या यंत्रावर चाले, तशीच लंडनच्याही. ते यंत्र मुळीच 'स्मार्ट' नव्हते. एक दिवा, एक भिंग आणि छिद्रांत अडकणारे दातेरी चक्र, एवढाच त्याचा मुख्य संसार. शिवाय फीत उजेडासमोर धरली तर नुसत्या डोळ्यांनाही चित्र दिसे.

पेनड्राईव्ह उजेडासमोर धरून मात्र काही दिसणार नाही. त्यात चित्रे नसतात; असतात नुसते शून्य आणि एक. आता थोडे गणित करू. टीव्हीच्या पडद्यावरील एका चित्रात १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन बाइट लागतात, असे धरा. मग एका चित्राला ६२,२०,८०० बाइट झाले. सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे जवळजवळ १५ कोटी बाइट! दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे १,०७५ गिगाबाइट जागा लागेल. ३२ गिगाबाइटच्या पेनड्राईव्हवर फक्त साडेतीन मिनिटांचा चित्रपट मावेल. तोही नीट दिसणार नाही, कारण यूएसबी २.० या प्रकारच्या जोडणीतून सेकंदाला फार तर ६ कोटी बाइट जाऊ शकतात.

मग दोन तासांचा चित्रपट दोन गिगाबाइटमध्ये बसतो कसा? त्याला पाचशे पटींहून अधिक दाबलेले असते, म्हणून. ही युक्ती मोठी सुंदर आहे. पडद्यावर एक माणूस डोंगरापुढून चालला आहे. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना डोंगर जागचा हलत नाही. मग तो पुन्हा पुन्हा कशाला लिहायचा? एक चित्र पूर्ण लिहायचे आणि पुढच्या चित्रांसाठी 'हा तुकडा इतका उजवीकडे सरकला' एवढेच नोंदवायचे. डोळ्यांना सहसा जाणवत नाहीत असे बारीक फरकही गाळायचे. ही लिपी लिहिण्याचे आणि वाचण्याचे जे नियम, त्यांना 'कोडेक' म्हणतात. २००३ साली ठरलेला एच.२६४ हा त्यांतला सर्वांत जास्त पसरलेला. २०१३ साली एच.२६५ आला, तो जवळपास तसेच चित्र सुमारे निम्म्या जागेत बसवतो. २०१८ साली एव्ही१ हा आणखी एक आला.

येथेच पहिली अडचण उभी राहते. ज्या टीव्हीला एच.२६५ वाचता येत नाही, त्याच्यापुढे ती फाईल म्हणजे मोडी न शिकलेल्या माणसापुढे ठेवलेला मोडी दस्तऐवज! कागद उत्तम, शाई उत्तम, पण वाचणार कोण?

मग तुम्ही म्हणाल, 'फाईलच्या नावापुढे तर एमकेव्ही लिहिले आहे, आणि आमच्या टीव्हीच्या पुस्तिकेतही एमकेव्ही चालेल असे छापले आहे!' मित्रांनो, एमकेव्ही, एमपी४, एव्हीआय ही नुसत्या डब्यांची नावे आहेत. जेवणाचा डबा बाहेरून सारखाच दिसतो, पण आत पिठले आहे की पुलाव, ते झाकण उघडल्यावरच कळते. या डब्यात चित्राचा कप्पा वेगळा, आवाजाचा वेगळा आणि उपशीर्षकांचा वेगळा असतो. चित्र एच.२६४ चे असेल तर ते दिसेल. पण आवाज डीटीएस पद्धतीचा असेल आणि टीव्हीला ती ठाऊक नसेल, तर चित्रपट मुका होईल.

दुसरी अडचण पेनड्राईव्हची. त्यावर फाईली कशा मांडायच्या याचेही नियम असतात. फॅट ३२ ही पद्धत जवळजवळ प्रत्येक टीव्हीला कळते. तिच्यात फाईलचा आकार लिहायला ३२ द्विमान स्थाने राखलेली आहेत. ३२ स्थानांत लिहिता येणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. म्हणून त्याहून एका बाइटनेही मोठी फाईल तिच्यात राहूच शकत नाही, मग पेनड्राईव्ह कितीही मोठा असो! मोठ्या फाईलींसाठी एक्सफॅट आणि एनटीएफएस या पद्धती आहेत, पण त्या सर्वच टीव्हींना समजतात असे नाही. पेनड्राईव्ह 'ओळखला जात नाही' याचे कारण पुष्कळदा हेच असते.

तीच फाईल संगणकावर मात्र चालते. असे का? संगणक हे काम आज्ञावलीच्या मदतीने करतो, आणि नवी आज्ञावली त्यात केव्हाही घालता येते. टीव्हीमध्ये हे काम मुख्यतः सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले मंडल करते. त्यामुळे ते जलद होते आणि वीजही कमी लागते. पण कारखान्यात जे कोरले गेले नाही, ते नंतर शिकवणे कठीण. शिवाय काही पद्धतींवर पेटंट असते आणि ती वापरायची तर टीव्ही बनवणाऱ्याला परवाना-शुल्क भरावे लागते. खर्च वाचवण्यासाठी एखादी पद्धत गाळली जाते. म्हणजे कारण नेहमी विज्ञानाचेच असते असे नाही. ते हिशेबाच्या वहीतही असते.

यावर कोणी म्हणेल, 'पेनड्राईव्ह हवा कशाला? आता सगळे इंटरनेटवर आहे!' नगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा, १७,००० चौरस किलोमीटरांहून अधिक. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील अकोले तालुक्याच्या वाड्यांमध्ये मोबाईलचा संकेत सर्वत्र सारखा मिळत नाही. इंटरनेटवरून चित्रपट जितक्या वेळा पाहावा, तितक्या वेळा तो पुन्हा उतरवावा लागतो. खिशातला पेनड्राईव्ह दहा वाड्यांत फिरतो आणि शंभर वेळा चालतो. त्याला संकेताची गरज नाही. म्हणून तो जुनाट म्हणून टाकून देणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सर्वांनी जुन्याच पद्धतीला चिकटून राहायचे, तर प्रगती कशी होणार? हा प्रश्न रास्त आहे. एच.२६५ खरोखरच जागा वाचवतो. त्याचा उपयोग अवश्य करावा. पण शाळांसाठी धड्यांच्या चित्रफिती तयार करणाऱ्यांनी एक प्रत सर्वांना वाचता येईल अशी द्यावीच: एमपी४ चा डबा, आत एच.२६४ चे चित्र आणि एएसी चा आवाज, आणि आकार ४ गिगाबाइटच्या आत. नव्या लिपीत लिहावे, पण गावात ती कोणी वाचू शकत नसेल तर बाळबोध नक्कलही सोबत जोडावी.

शाळेसाठी टीव्ही घेताना पडदा किती इंचांचा, एवढेच विचारू नये. कोणते कोडेक, कोणता आवाज आणि पेनड्राईव्हची कोणती पद्धत चालते, तेही लेखी मागावे. मराठी उपशीर्षके नीट उमटतात की अक्षरांऐवजी चौकोन दिसतात, हे दुकानातच स्वतःचा पेनड्राईव्ह लावून पाहावे. शाळा अशा खरेदीवर पैसे खर्च करते ते मुलांसाठी. मग मुलांचा धडा त्यावर लागेल की नाही, हे आधी पाहायला नको का?

तुमच्याकडेही एक काम आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फाईल टीव्हीवर लावून पाहा. चालली नाही, तर संगणकावर तिची माहिती उघडा आणि डब्यात काय आहे ते वाचा. मग योग्य पद्धतीत तिचे रूपांतर करा. हँडब्रेकसारखी मोफत आज्ञावली ते करून देते. पेनड्राईव्ह नव्या पद्धतीने मांडायचा असेल, तर आतील फाईली आधी दुसरीकडे उतरवून घ्या, नाहीतर सर्व पुसले जाईल.

हे सारे एका चित्रपटापुरते नाही. तुमच्या शाळेचे स्नेहसंमेलन, गावातल्या वृद्धांनी सांगितलेल्या दुष्काळाच्या आठवणी, आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आज कोणत्या ना कोणत्या पेनड्राईव्हवर आहेत. पेनड्राईव्हमधील माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते आणि तो भार वर्षानुवर्षे झिरपत जातो. नेवाशास १२९० साली पूर्ण झालेली ज्ञानेश्वरी लोकांनी हाताने नकला करून जपली, आणि १५८४ साली एकनाथांनी अनेक प्रती ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. जपणे म्हणजे पेटीत ठेवणे नव्हे. वेळोवेळी नवी प्रत काढणे आणि ती वाचता येते ना, हे पाहणे. तुमच्या शाळेच्या कपाटात असा एखादा पेनड्राईव्ह असेल, तर तो या आठवड्यातच लावून पाहा.