सीमा पडली, साथ सुटू नये!



1 मे 1960 रोजी मुंबईचे द्विभाषिक राज्य मोडले आणि मराठी माणसाला महाराष्ट्र मिळाला. तो फुकट मिळाला नाही; 106 हुतात्म्यांचे रक्त त्यामागे आहे. पण ध्यानात ठेवा, ऑगस्ट 1956 मध्ये अहमदाबादेतही महागुजरातसाठी पोरांनी गोळ्या खाल्ल्या. दोघांचे मागणे एकच : आपला कारभार आपल्या भाषेत. मग ते आमचे वैरी कसे?

आमच्या दारचेच बघा. त्या वाटणीत उंबरगाव तालुका चिरला. बराच भाग गुजरातेत गेला, तलासरी इकडे राहिली. 1945 साली ज्या वारल्यांनी लाल बावट्याखाली एकजुटीने वेठ झुगारली, त्यांच्यामधून सीमा गेली. सोयरिक मात्र तुटली नाही.

युगोस्लाव्हियात 1991 पासून उलटे घडले. पुढाऱ्यांनी वंश-धर्माचे विष पेरले आणि शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला.

बोईसर-तारापूरच्या कापड कारखान्यांत आज वारली, कुणबी, उत्तरेकडचे, उडिया एकाच पाळीत राबतात. 'तो परका' म्हणत जो आपल्याला झुंजवतो, तोच दोघांचाही रोज कापतो. मराठीचा हक्क आम्ही सोडणार नाही. कचेरीत, शाळेत, फलकावर मराठी हवीच. पण 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरला पडलेल्या पाच हुतात्म्यांत ठाकूर, पागधरे, चुरी, मोरे यांच्यासोबत तिवारीही होते, हे विसरू नका. गोळीने आडनाव विचारले नव्हते.

तेव्हा गड्यांनो, सोबत्याला मराठी शिकवा आणि पगाराच्या लढ्यात त्याला सोबत घ्या!