मोटारीचे इंजिन घरी उतरवावे काय?

अवश्य उतरवावे, असे आमचे मत आहे. परंतु उतावळेपणाने नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान काढले व पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. रत्नागिरीच्या अंगणांतही असे कसबी हात घडावेत.

प्रथम बॅटरीची तार सोडवावी. पाणी व तेल भांड्यात काढावे. परसात ओतलेले तेल विहीर नासविते. प्रत्येक तारेस खुणेची चिठ्ठी बांधावी. शंभर किलोंच्या घरात जाणारे ते धूड आंब्याच्या फांदीस वा घराच्या वाशास कदापि टांगू नये. भक्कम लोखंडी चौकटीची साखळी-कप्पी घ्यावी, व लोंबत्या भाराखाली कोणीही हात घालू नये.

पालकहो, मुलांस मज्जाव न करिता जवळ उभे राहा. खोलणे कोणासही साधते. पुन्हा जोडून चालविणे हीच खरी विद्या होय.