महिन्यातला एक दिवस



गेल्या रविवारी विहारातून वंदना आटोपून आलो आणि घरातली सगळी मंडळी एक इंग्रजी चित्रपट बघायला बसलो. नाव ‘हेअरस्प्रे’, साल २००७. नाचगाण्यांनी भरलेला, हसवणारा. आमची मोठी मुलगी मधूनमधून थांबवून आजीला मराठीत सांगत होती. इंग्रजी सिनेमातली नाचणारी पोरं बघून आपल्याला काय मिळणार, अशी शंका आम्हांलाही होतीच. पण दोन तासांनी आमच्या घरात जी चर्चा झाली, ती एखाद्या व्याख्यानानंतरही होत नाही. म्हणून हा विषय.

गोष्ट अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातली, १९६२ सालची. ट्रेसी नावाची शाळकरी गोरी मुलगी. अंगाने जाड, घर गरिबीचे. आई घरी बसून लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देते, वडिलांचे खाली गमतीच्या वस्तूंचे छोटे दुकान. आपल्या जाडेपणाच्या लाजेने ही आई कित्येक वर्षे घराबाहेर पडलेली नाही. हे काम जॉन ट्रॅव्होल्टा या पुरुष नटाने केले आहे. आजीने पहिल्याच प्रसंगात ओळखले, “अगं, हा तर बाप्या!” तमाशातला नाच्या बघितलेल्या डोळ्यांना कोण फसवणार?

ट्रेसीला एकच वेड. रोज दुपारी टीव्हीवर शाळकरी मुलामुलींच्या नाचाचा कार्यक्रम लागतो, त्यात आपण नाचायचे. त्या कार्यक्रमात सगळी मुले गोरी. काळ्या मुलांसाठी महिन्यातला एक दिवस राखून ठेवलेला, त्याला ‘नीग्रो डे’ म्हणायचे. गाणी मात्र बरीचशी काळ्या कलावंतांचीच! गाणे त्यांचे, ठेका त्यांचा, रिंगणात मात्र ते नकोत. आपल्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. गावच्या लग्नात वाजवायला आपली माणसे पुढे आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

निवडीच्या वेळी ट्रेसीला एक प्रश्न विचारतात. काळे-गोरे एकत्र पोहतात अशा तलावात तू पोहशील का? ती सहज ‘हो’ म्हणते आणि तिला घालवून देतात. इथे आमच्या घरात एकदम शांतता झाली. पाण्याचा प्रश्न कुणालाही कळतो. २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्यानंतर तर आपल्याला तो जास्तच कळतो. अमेरिकेतही हे नुसते सिनेमातले नव्हते. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराने काळ्यांबरोबर पोहावे लागेल म्हणून १९६३ मध्ये नगरपालिकेचे पोहण्याचे तलावच बंद केले, आणि १९७१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतले.

पुढे ट्रेसी शिक्षा म्हणून शाळेच्या एका वर्गात बसवली जाते. तिथे बसलेली काळी मुले नाचत असतात. त्यांच्याकडून ती नवे नाच शिकते आणि त्याच जोरावर कार्यक्रमात शिरते. ‘नीग्रो डे’ बंद केल्यावर मोर्चा निघतो, पोलीस येतात. शेवटी सगळे एकत्र नाचतात आणि बक्षिसाचा मुकुट एका लहान काळ्या मुलीला मिळतो. टाळ्या!

आता खरे काय घडले ते सांगतो. असा कार्यक्रम बाल्टिमोरमध्ये खरोखर होता, ‘बडी डीन शो’. तो १९५७ साली सुरू झाला. ऑगस्ट १९६३ मध्ये काळ्यांच्या राखीव दिवशी काळे आणि गोरे विद्यार्थी मिळून आत शिरले आणि चालू प्रक्षेपणात एकत्र नाचले. केंद्राला धमक्या आल्या. मग मालकांनी काय केले? सर्वांना दार उघडले? नाही. जानेवारी १९६४ मध्ये कार्यक्रमच बंद केला. एकत्र नाचण्यापेक्षा नाच नको! याच शहरात वाढलेल्या जॉन वॉटर्स यांनी १९८८ साली या विषयावर पहिला चित्रपट काढला आणि गोड शेवट आपल्या पदरचा जोडला. त्यावरून २००२ साली न्यूयॉर्कला संगीत नाटक झाले, आणि आम्ही पाहिला तो त्या नाटकावरचा.

आमची एक तक्रार आहे. सिनेमा बघून वाटते, एका चांगल्या मनाच्या गोऱ्या मुलीने सगळे घडवले. तसे नव्हते. बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट या काळ्यांच्या कॉलेजातील विद्यार्थी १९५५ सालीच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर धरणे धरत होते. फेब्रुवारी १९६३ मध्ये एका सिनेमागृहाच्या दारात त्यांच्यापैकी शेकडोंनी अटक करून घेतली, तेव्हा कुठे ते सर्वांना खुले झाले. त्या पोरांपैकी एकाचेही नाव सिनेमात नाही. सोबत येणाऱ्याचे आपण स्वागतच करतो, पण मोर्चाचा मान मोर्चा काढणाऱ्यांचा.

मोठीने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. “शाळा तर १९५४ साली कोर्टाच्या निकालाने एकत्र झाल्या होत्या. मग नाचालाच एवढा विरोध का?”

उत्तर त्याच सिनेमात आहे. ट्रेसीची गोरी मैत्रीण पेनी आणि सीवीड हा काळा मुलगा यांचे प्रेम जमते. सिनेमात ते गोड वाटते. पण मेरीलँड राज्यात तेव्हा गोऱ्या-काळ्यांचे लग्न हा कायद्याने गुन्हा होता. तो कायदा १९६७ साली गेला. म्हणजे १९६२ साली त्या दोघांना आपल्या गावात लग्न करता आले नसते. वर्गात शेजारी बसणे एकवेळ चालेल, पण नाचात हात हातात येतो, आणि भीती त्या हाताची होती. बाबासाहेबांनी हे मर्म तिथेच, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, ९ मे १९१६ रोजी वाचलेल्या निबंधात मांडले होते. जातीतल्या जातीत लग्न, हाच जातीचा प्राण. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. पुढे १९३६ साली ‘जातिसंहार’ मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाहाचा उपाय उघड सांगितला. आपल्यातले किती पालक आजही पोटजात विचारतात, ते ज्याचे त्याला माहीत.

आजी या चर्चेत गप्प होती. तिने एकदम धाकटीला जवळ बोलावले. धाकटी आठवीत आहे, अंगाने जरा भरलेली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला शेवटच्या रांगेत उभे केले आहे, कारण बाईंच्या मते ‘पुढे ती बरी दिसणार नाही’. हे तिने आम्हांला सांगितलेच नव्हते, फक्त आजीला सांगितले होते. आणि आम्ही तासभर बाल्टिमोरच्या गोष्टी करत बसलो होतो.

सोमवारी आम्ही दोघे शाळेत गेलो. भांडण केले नाही. तिचा नाच एकदा बघा, एवढेच म्हणालो. बाईंनी बघितला. ‘दुसऱ्या रांगेत घेते’ म्हणाल्या. धाकटी घरी येऊन म्हणाली, “दुसरी का? पहिली का नाही?” गॅदरिंग शनिवारी आहे. शुक्रवारी पुन्हा शाळेत जाणार आहोत.